बावीसशेची पाटी

फ्रिजच्या दारावर लोक काय काय लावतात. फुलाचं चुंबक, दूधवाल्याचा नंबर, पोरानं काढलेला हत्ती. मामाच्या फ्रिजवर पाटी होती. खरीखुरी, अ‍ॅल्युमिनियमची, लिफ्टमध्ये असते तसली. तिच्यावर ठोकून काढलेला आकडा: २२००. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मामानं ड्रिल लावून दाराला भोकं पाडली तेव्हा मामी शिलाई मशीनवरून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो, फ्रिज आहे तो."

"माहितीये."

"कागदावर लिहून चिकटवलं असतं तर पोट वाढलं असतं का?"

"कागद पडतो," मामा म्हणाला. "पाटी पडत नाही."

मामी लोकांच्या सोफ्यांची कव्हरं शिवायची, तिला वाकड्या लोकांची सवय होती. ती परत मशीनवर जाऊन बसली.

मामा लिफ्टचा मिस्त्री होता. सगळं वर्कशॉप त्याला मामाच म्हणायचं, कारण त्याची सख्खी भाची त्याच्या जोडीला कामाला होती आणि ती दिवसभर मामा मामा करून ओरडायची. लिफ्टचं काम जोडीनं करायचं असतं. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्यात, लिफ्टच्या टपावर उभा. भाची वर असायची, मामा टपावर. भाचीचा आवाज दहा मजले खाली ऐकू यायचा. तिला सगळे ठिणगी म्हणायचे. का, ते विचारायची गरज पडायची नाही. पाच मिनिटं तिच्यासोबत थांबलं की कळायचं.

तर पाटीचं असं. मामानं तीस वर्षांत हजार लिफ्ट बघितल्या. इमारतीचा मालक बदलतो, रंग बदलतो, आरसा बदलतो, पाटी बदलत नाही. आठ माणसं म्हणजे आठ माणसं. त्यामुळे दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी त्याची उंची, वय, वजन, काम सगळं विचारून कॅल्क्युलेटरवर बोटं आपटली आणि 'दिवसाला बावीसशे कॅलरी' असं सांगितलं, तेव्हा मामाला लई बरं वाटलं. आकडा मिळाला. आकडा मिळाला की काम संपलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यानं पत्र्याचा तुकडा कापला आणि ठोकून टाकला.

आता हे वजनाचं भूत आलं कुठून, तेही सांगायला हवं.

कंपनीनं नवे पट्टे घेतले. टपावर काम करताना अंगाला बांधतात ते, म्हणजे पाय घसरला तर माणूस लटकतो, पडत नाही. जुन्या पट्ट्यांवर काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं नव्हतं, कारण ते पुसलं गेलं होतं. नव्यावर ठळक लिहिलं होतं: शंभर किलो, हत्यारांसकट. स्टोअरवाल्यानं गोदामातला काटा बाहेर काढला आणि एकेकाला पिशवी खांद्यावर घेऊन चढवलं. मामा चढला. एकशे चौदा. पिशवी सात किलोची. बाकीचं सगळं मामा.

कुणीतरी मागून म्हणालं, "मामा, दोन पट्टे लाव."

सगळे हसले. मामाही हसला. ठिणगी हसली नाही, तिनं मागे वळून त्या माणसाकडे असं बघितलं की त्यानं बुटाची लेस बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मामाला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं. "मामा, सहा महिन्यांनी परत तपासणी आहे. पिशवीसकट शंभरच्या आत या, शाफ्ट तुमचा. नाही आलात तर ऑफिसात कायमचं फोनवर बसवतो. पगार तोच."

"आणि ठिणगी?"

"तिला दुसऱ्या मिस्त्रीची, त्या लांब्याची जोडी देतो. आत्ता तात्पुरती, मग बघू."

पगार तोच. साहेबाला वाटलं त्यानं गोड बातमी दिली. मामाला वाटलं कुणीतरी त्याचा जिना काढून घेतला. शाफ्टमध्ये अंधारात तेलाचा वास येतो, दोऱ्या गुणगुणतात, आणि माणूस टपावर उभा राहून हातानं दोरीला शिवला तरी त्याला कळतं की मशीन बरं आहे की नाही. हे फोनवर कळत नाही. फोनवर फक्त बायाबापड्या ओरडतात की लिफ्ट बंद आहे आणि आमच्या आजोबांचे गुडघे दुखतात.

म्हणून बावीसशे. म्हणून पाटी.

आणि पाटीनं काम केलं बरं का. पहिले तीन महिने मामाला वर्कशॉपच्या आवारात ठेवलं होतं. जुन्या मोटारी सोडवायच्या, गिअर धुवायचे, लोखंड इकडून तिकडे न्यायचं. मामी डोळ्यांत तेल घालून सगळं मोजायची. तिच्या शिलाईच्या टेबलावर एका बाजूला खडू, कात्री, टेप, दुसऱ्या बाजूला छोटा काटा. भात काट्यावर, पाव काट्यावर, तेल चमच्यानं. वही तिची, अक्षर तिचं. मामा एकदा म्हणाला, शेंगदाणे मूठभर तर काय होतंय. मामीनं ती मूठ काट्यावर ओतायला लावली, वहीत बघितलं आणि म्हणाली, "तुमची मूठ म्हणजे अडीचशे कॅलरी. माझी असती तर शंभर." त्यानंतर मामा मूठ हा शब्द बोलला नाही.

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, तो काट्यावर चढायचा. एकशे सात. एकशे पाच. एकशे तीन, आणि ठिणगीनं वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. शंभर. अठ्ठ्याण्णव. मामीनं त्याच्या चार पँटी आत घेतल्या, आणि आत घेताना गाणं म्हणत होती. तेरा आठवड्यांत साडेशहाण्णव. त्र्याण्णवला पोचलं की काम फत्ते. साडेतीन किलो तर उरलेत, मामा म्हणाला, डुलक्या काढत उतरवीन.

नेमकी तेव्हाच ऑफिसातली फोनवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि साहेबानं मामाला तिच्या खुर्चीत बसवलं. फिरती खुर्ची, मऊ. पाय टेकवायला फळी. मामा आठ तास बसायचा आणि फक्त उजवा हात हलवायचा.

रविवार. साडेशहाण्णव.

पुढचा रविवार. साडेशहाण्णव.

तिसऱ्या रविवारी मामानं काटा उचलून उलटा केला, खाली टॉर्च मारला, सेल बदलले आणि परत चढला. साडेशहाण्णव.

"काटा गेलाय," तो म्हणाला.

"काट्याला काय झालंय," मामी म्हणाली. "मी चढले तर बरोबर दाखवतोय."

"तू किती आहेस?"

"ते तुम्हाला कशाला?"

सोमवारी संध्याकाळी मामा घरी आला तो ठिणगीला सोबत घेऊन, आणि दोघांच्या दोन्ही हातांत वीस वीस किलोची वजनं. लिफ्टची ताकद तपासायला जी लोखंडी वजनं वापरतात ना, ती. तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीत लिफ्ट नव्हती, हा एक वेगळाच विनोद. ठिणगी दारात वजनं ठेवून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मामी, ह्याला काहीतरी झालंय. दवाखान्यात ने."

मामानं चारही वजनं एकावर एक काट्यावर रचली, वाकून बघितलं. ऐंशी. बरोब्बर ऐंशी, पॉइंटही इकडेतिकडे नाही.

तो खाली बसला. काटा खरा होता. म्हणजे मग खोटं कोण?

"तेल," तो म्हणाला. "तू तेल जास्त घालतेस."

ठिणगीनं वजनाकडे बघितलं, मग मामीकडे, आणि दाराच्या दिशेनं एक पाऊल सरकली. मामीनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. हळू ठेवली, तेच वाईट.

"तीन महिने," ती म्हणाली, "मी चमचा सपाट करायला सुरीची मागची बाजू फिरवते. माणसं दागिने तोलतात तसा मी तुमचा भात तोलते. आणि तुम्ही मला तेल सांगता."

"तसं नाही गं..."

"उद्यापासून तुम्ही तोला."

दुसऱ्या दिवशी मामानं स्वतः तोललं. आणि रागाच्या भरात ठरवलं की पाटीबिटी गेली खड्ड्यात, हजार कॅलरी खायच्या. साडेतीन किलो म्हणजे काय, महिन्यात उडवतो. सकाळी एक अंडं, दुपारी एक सफरचंद आणि काकडी, संध्याकाळी जे उरलं ते. पहिल्या दिवशी त्याला स्वतःचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यानं एका म्हातारीला सांगितलं की लिफ्ट बंद आहे तर जिन्यानं जा, देवानं पाय दिलेत. म्हातारी साहेबाशी बोलली. तिसऱ्या दिवशी पोटात कावळ्यांची सभा भरली होती. चौथ्या दिवशी घरी येताना दुसऱ्या मजल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचले आणि तो पायरीवर बसला. वरून मामी शिवलेली कव्हरं घेऊन खाली येत होती. तिनं गठ्ठा कठड्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

"शाफ्टमध्ये असं झालं असतं तर?" तिनं विचारलं.

मामानं कठड्याला डोकं टेकलं.

"पट्टा बांधून लटकला असतात. आणि पट्टा सांगणार, माझ्यावर शंभरच लिहिलंय, मी काय करू."

"बरं, चल घरी."

"नाही. आधी सांगा, परत असं कराल?"

"नाही करणार."

त्या संध्याकाळी त्यानं बसून अर्धा पाव खाल्ला, लोणी लावून, आणि मामीनं तो वहीत लिहिला. लिहिलाच. ती काही सोडायची नाही.

मग परत बावीसशे. चौथा रविवार, साडेशहाण्णव. तपासणीला नऊ आठवडे राहिले होते आणि मामाचा जीव टांगणीला लागला होता. पाटी फ्रिजवर चकाकत होती. तो पाटीचं ऐकत होता, काटा त्याचं ऐकत नव्हता, आणि ह्यात चूक कुणाची ते काही केल्या त्याच्या ध्यानात येईना.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला.

"लिफ्ट सर्व्हिस, नमस्कार," मामा म्हणाला.

"नमस्कार काय करतोस, मी आहे," पलीकडून ठिणगी ओरडली. "मामा, ऐक, ही लिफ्ट वेड्यासारखी वागतीये. आठ मजल्यांची आहे बघ, काचेच्या दुकानामागची. रिकामी वर नेली की चार बोटं पुढे जाऊन थांबते. रिकामी खाली आणली की मोटर कण्हते. लांब्या म्हणतो ब्रेक बदलू. मी म्हटलं ब्रेकला हात लावशील तर हात तोडीन."

"बरोबर म्हणालीस. ब्रेकला काही झालेलं नाही." मामानं खुर्ची मागे सरकवली. कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगात जीव आला. "आतली फरशी बघ. दगडाची होती ना तिथे, काळी?"

थोडा वेळ नुसता पावलांचा आवाज.

"नाहीये. रबराची टाकलीये. नवीन दिसतीये."

"विचार वॉचमनला."

परत आवाज, लांबून कुणीतरी काहीतरी सांगत होतं. "म्हणतोय, गेल्या महिन्यात दगड फुटला म्हणून काढला. चार माणसांनी मिळून नेला."

"म्हणजे ऐंशी-नव्वद किलो गेले. बघ आता. लिफ्ट झाली हलकी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जे वजन टांगलंय, ते लोखंडी ठोकळे, ते आहेत तेवढेच. जुन्या जड लिफ्टच्या हिशोबाचे. म्हणून रिकामी असली की ते ठोकळे तिला वर ओढतात आणि खाली यायला मोटरला मरमर करावी लागते. कळलं?"

"कळलं. मग सगळे काढू?"

"येडी का काय. एक ठोकळा काढायचा. दोघांनी मिळून, साखळी लावून. मग अर्धं वजन भरून लिफ्ट वरखाली चालवायची आणि मोटर किती करंट खातीये ते मीटरवर बघायचं. वर जाताना आणि खाली येताना सारखं आलं की झालं. नाही आलं तर दुसरा काढायचा. एकदम सगळे काढलेस तर उलटं होणार, मग ती वर जाताना मरणार. लिफ्ट हलकी झाली की ठोकळे..."

मामा थांबला.

"मामा?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काही नव्हतं.

"मामा, आहेस का? लाईन गेली का?"

"आहे," मामा म्हणाला. "ठिणगे, मी एकशे सात होतो तेव्हा बावीसशे ठरवलं ना?"

"काय बावीसशे? कुठल्या लिफ्टचं?"

"माझं. एकशे सात होतो आणि आवारात लोखंड उचलत होतो. आता साडेशहाण्णव आहे आणि खुर्चीत बसलोय."

पलीकडे ठिणगीचं हसू फुटलं, ते थांबेचना. तिच्या मागून लांब्या विचारत होता काय झालं काय झालं.

"म्हणजे दगड काढला आणि ठोकळे तसेच," ती म्हणाली. "तीस वर्षं हेच करतोयस रे तू."

"हसायचं नंतर. आधी साखळी लाव."

संध्याकाळी मामा घरी शिरला तो चप्पल न काढता थेट फ्रिजकडे. स्क्रू ड्रायव्हर खिशातच होता. चारही स्क्रू काढले आणि पाटी मामीच्या टेबलावर, खडूच्या शेजारी ठेवली.

"तेल बरोबर होतं," तो म्हणाला.

मामीनं मशीन थांबवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य माफी म्हणून चालण्यासारखं होतं, आणि तिनं ते तसंच घेतलं.

"तो कागद कुठाय," त्यानं विचारलं, "दवाखान्यातला?"

कागद मामाच्या लिफ्टच्या पुस्तकात होता, बरोबर तिथे, जिथे त्यानं तो घडी घालून ठेवला होता आणि परत कधी उघडला नव्हता. दोघांनी दिव्याखाली धरला. वर मोठ्या अक्षरात आकडा. आणि अगदी खाली, शाई फिकी, शेवटची ओळ: दर चार-पाच किलो कमी झाल्यावर, किंवा कामात बदल झाल्यावर, पुन्हा येऊन आकडा ठरवून घेणे.

मामी वाचून मामाकडे बघायला लागली. हा तो माणूस, जो लिफ्टचं पुस्तक शेवटपर्यंत न वाचणाऱ्या मालकांना तासभर झापायचा.

"बोलू नकोस," मामा म्हणाला.

"मी कुठे काय बोलले."

दुसऱ्या दिवशी दोघं आहारवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी परत कॅल्क्युलेटरवर बोटं आपटली. आता तुमचं अंग कमी, काम कमी, तर दिवसाचा खर्चच साधारण साडेबावीसशेचा, बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही खाताय तेवढंच जाळताय, वजन हलणार कसं. मामानं विचारलं, एकदम खाली आणू? नको, बाई म्हणाल्या. दोनशे कमी करा, रोज थोडं चाला, दोन आठवडे बघा, मग पुढचं ठरवू. अठराशेच्या खाली मला विचारल्याशिवाय जायचं नाही. मामानं मान डोलावली. दोन ठोकळे काढायचे, चालवून बघायचं, मीटर वाचायचं. ही बाई लिफ्टच्या धंद्यात असती तर नाव काढलं असतं, त्याला वाटलं.

ह्या खेपेला पाटी नाही. वर्कशॉपच्या भंगारात एक जुना पितळी काटेफलक पडला होता. पूर्वीच्या लिफ्टना दारावर असायचा तो, अर्धा चंद्र, त्यावर मजल्यांचे आकडे आणि मधे काटा, लिफ्ट हलली की काटा सरकायचा. मामानं तो घासला, मजल्यांचे आकडे खरवडले आणि त्यांच्या जागी रंगानं लिहिलं, सोळाशेपासून चोवीसशेपर्यंत, शंभराशंभराच्या अंतरानं. फ्रिजला भोकं होतीच. ती उपयोगी पडली. मामीनं पुढे होऊन काटा दोन हजारांवर ठेवला.

"दिसायला बरं दिसतंय," ती म्हणाली. एवढंच.

जेवणात फरक असा कितीसा पडला. रात्रीच्या भातातून दोन चमचे गेले, सकाळच्या दोन चहातली साखर गेली, पावाची एक चकती गेली. मामाला वाटलं होतं कावळे परत येतील. आले नाहीत. दुपारच्या सुट्टीत तो ऑफिसच्या इमारतीचा जिना चढून यायचा, पाच मजले, दोनदा, आणि येताना प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावायचा. शिपाई म्हणाला, मामा, आत कुणी अडकलंय का? मामा म्हणाला, मी.

दोन आठवड्यांनी पंच्याण्णव पॉइंट नऊ.

"हलला," मामी म्हणाली, आणि ती काट्याजवळ गुडघ्यावर बसली होती ती तशीच बसून राहिली.

हलला खरा, पण ह्या चालीनं तपासणीपर्यंत पोचत नव्हतं. मामानं वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. परत बाईंना फोन. मग काटा एकोणीसशे, आणि आठवड्यानं अठराशे. त्याच्याखाली नाही. एका रविवारी वजन उलटं दोनशे ग्रॅमनं वाढलं तेव्हा मामाच्या कपाळावर आठ्या आल्या, पण त्यानं फ्रिजवरच्या काट्याला हात लावला नाही. एका फेरीचं मीटर धरायचं नसतं, तो मामीला म्हणाला, चार फेऱ्यांचं बघायचं. पुढच्या रविवारी पाऊण किलो खाली आलं. मामीनं टेपनं त्याचं पोट मोजलं आणि पँट पाचव्यांदा आत घ्यायला घेतली, तेव्हा म्हणाली, "आता कापड उरलं नाही. नवीन घ्यावी लागेल." मामाला त्या दिवशी उगाचच शिट्टी वाजवावीशी वाटली.

तपासणीच्या आदल्या रविवारी त्र्याण्णव पॉइंट एक.

सोमवारी ठिणगी ऑफिसात आली, टेबलावर बसली, पाय हलवायला लागली. ती उपाय घेऊन आली होती.

"ऐक. परवा सकाळी पाणी पिऊ नकोस. आदल्या दिवशी पण नाही. दीड किलो आरामात जातं. लांब्याच्या भावानं कुस्तीत असंच केलं."

"आणि परवा दुपारी प्यायलो की?"

"मग काय, झाली ना तपासणी."

"पट्ट्याची कुठे झाली?" मामा म्हणाला. "पट्ट्याला माझं दुपारचंच वजन कळणार."

ठिणगीनं तोंड वाकडं केलं. मग पिशवीकडे बोट दाखवलं. "बरं, मग तो मोठा पाना काढ. एक किलो आहे तो एकटाच. स्टोअरवाल्याला कुठे कळतंय."

"तू वर मशीनच्या खोलीत असतेस," मामा म्हणाला. "मी खाली टपावर. मोठा पाना लागला की मी वर येऊन मागू का तुझ्याकडे?"

"मी टाकीन ना खाली."

"माझ्या डोक्यावर."

ठिणगी हसली नाही. ती टेबलावरून उतरली. "मला लांब्या नको रे," ती म्हणाली, एकदम खालच्या आवाजात, जो तिचा आवाजच नव्हता. "तो हाक मारली की उत्तरच देत नाही. शाफ्टमध्ये मी ओरडते आणि खालून काही नाही. मला वाटतं मेला की काय."

मामानं तिच्या पाठीवर थाप मारली. "बुधवारी ये. बघायला."

बुधवारी सगळे होते. साहेब, लांब्या, बुटाच्या लेसवाला, सगळे. मामानं सकाळी नेहमीसारखं खाल्लं होतं, एक अंडं, पाव, दूध, आणि पेलाभर पाणी. पिशवीत मोठा पाना होता. त्यानं पिशवी खांद्यावर घेतली आणि काट्यावर पाय ठेवला. त्याला पक्कं माहीत होतं आकडा काय येणार ते, दोनशे-तीनशे ग्रॅम इकडे किंवा तिकडे. फक्त कुठल्या बाजूला, ते माहीत नव्हतं.

स्टोअरवाला वाकला. आकडे पळाले, थांबले, परत एक घर हलले.

"नव्व्याण्णव पॉइंट आठ," तो म्हणाला आणि वहीत लिहायला लागला. "पुढचा कोण?"

बस, एवढंच. मामा काट्यावरून उतरला आणि कुणी काही बोलायच्या आत ठिणगीनं लांब्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला. "हा मामाचा आहे," ती म्हणाली. तो मामाचाच होता.

शुक्रवारी आठ मजल्यांच्या त्याच इमारतीत, काचेच्या दुकानामागच्या, मामा टपावर उभा होता. तेलाचा वास, दोऱ्यांची गुणगुण. ठिणगीनं दोन ठोकळे काढले होते ती जागा त्यानं हातानं चाचपून बघितली. काम बरोबर झालं होतं. लिफ्ट वर गेली, खाली आली, जराही कण्हली नाही.

"मामा," वरून आवाज आला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा.

"आहे," मामा ओरडला.

पुढचा सगळा आठवडा त्यानं जिने चढले, दोऱ्या ओढल्या, दारं उचलली. शनिवारी संध्याकाळी घरी आला तर भूक अशी लागली होती की जिन्यातच शेजाऱ्यांच्या घरातल्या कांद्याच्या वासानं तो थबकला. रविवारी सकाळी काटा म्हणाला ब्याण्णव. एका आठवड्यात एवढं. मामी खूश झाली. मामा नाही झाला. तो काट्यावर उभा राहून हिशोब करत होता, आणि हिशोब सोपा होता: आकडा खुर्चीतल्या माणसाचा, काम शाफ्टमधल्या माणसाचं.

तो फ्रिजपाशी गेला. पितळी काटा अठराशेवर होता. त्यानं तो बोटानं वर सरकवला. एकोणीसशे. दोन हजार.

"अहो," मामी मागून म्हणाली, "लगेच? आत्ता तर कुठे उतरलाय."

"ह्या खेपेला दोन ठोकळे आत टाकतोय," मामा म्हणाला. "दोन आठवडे चालवून बघू. वर-खाली सारखं आलं तर ठीक, नाही तर परत हलवू. काटा आहे तो, पाटी नाही."

मामीनं थोडा वेळ त्या अर्ध्या चंद्राकडे बघितलं. मग तिनं पावाची पुडी उघडली, एक चकती काढली, टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मग दुसरी चकती काढली.